लोडरची अवजारे का मोडतात?

प्रास्ताविक

रायपूर शहराच्या उत्तर भागालगत उरला ही औद्योगिक वसाहत आहे. तेथून बिलासपूरच्या वाटेने पुढे गेले की सिलतरा लागते. पश्चिमेस सुमारे ३० किलोमीटरांवर भिलाई असून, तेथील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. उरला व सिलतरा येथील कारखाने भिलाईच्या मानाने लहान आहेत. परंतु त्यांची संख्या मोठी आहे. लोहखनिज आणि दगडी कोळसा यांपासून स्पंज लोखंड करणारे काही, ते विजेच्या भट्टीत वितळविणारे काही, तर पोलादाच्या सळ्या व पट्ट्या लाटणारे काही, असा हा परिसर आहे.

या सर्व ठिकाणी एक यंत्र हटकून दिसते, ते म्हणजे लोडर. खनिजाचे ढीग उपसून हॉपरमध्ये टाकणे, कोळसा हलविणे, भट्टीतील मळी दूर नेणे ही कामे पूर्वी टोपल्या आणि फावडी घेऊन शेकडो माणसे करीत. आज ती लोडर करतो. त्यामुळे लोडरची बकेट मोडली की हॉपर रिकामा राहतो आणि पाठोपाठ भट्टीही अडखळते. मग घाईने वेल्डिंग केले जाते, भेग झाकली जाते आणि काम पुढे चालू होते. काही आठवड्यांनी त्याच जागी, किंवा तिच्या बोटभर शेजारी, पुन्हा भेग पडते. असे का होते, आणि दुरुस्ती टिकावी म्हणून काय करावे लागते, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

लोडर आणि त्याची अवजारे

लोडरच्या पुढील बाजूस पोलादाचे दोन भक्कम बाहू असतात. तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे हे बाहू वर उचलतात आणि आणखी एक दट्ट्या पुढील अवजार मागेपुढे कलवितो. बाहूंच्या टोकाशी काम पाहून निरनिराळी अवजारे जोडता येतात: सुटा माल भरण्यासाठी बकेट, ओंडके अथवा सळ्यांचे भारे उचलण्यासाठी काटे, भंगार पकडण्यासाठी पंजा. बकेटच्या खालच्या ओठाला कठीण पोलादाची पट्टी आणि पुष्कळदा बदलता येण्याजोगे दात बसविलेले असतात. बाहू आणि अवजार यांचा सांधा जाड पिनांनी केलेला असतो. पिन ज्या भोकात फिरते त्या भोकात बुश नावाची नळी ठोकलेली असते आणि तिला ग्रीस द्यावे लागते.

मोडण्याचे तीन प्रकार

अवजार निकामी होण्याची मुख्यतः तीन कारणे आहेत. पहिले कारण झीज. लोहखनिज कठीण असते. कोळशाबरोबर येणारी गारगोटीची कणी त्याहूनही कठीण असते. असा माल प्रत्येक खेपेस बकेटचा ओठ आणि तळ घासून काढतो. झीज डोळ्यांना दिसते, मोजता येते, आणि म्हणून तिच्यापासून अचानक धोका क्वचितच उद्भवतो.

दुसरे कारण एकदाच आलेला अतिभार. घट्ट बसलेल्या ढिगात बकेटचा एकच कोपरा खुपसून पहारीसारखा जोर लावला, किंवा धावता लोडर जमिनीतील काँक्रीटवर आपटला, तर पत्रा वाकतो अथवा दात तुटतो. येथे भाग प्रथम वाकलेला, ताणलेला दिसतो आणि मग तुटलेला.

तिसरे कारण सर्वांत फसवे आहे. पत्रा वाकलेला नसतो, कोणी काही आपटलेले नसते, त्या दिवशीचा भारही नेहमीचाच असतो. तरीही बाहूचा कान किंवा बकेटची बिजागरी तडकन तुटते. याला धातूचा शिणवटा असे म्हणतात.

शिणवटा म्हणजे काय?

लोखंडी तार एकदाच वाकविली तर तुटत नाही. तीच तार मागेपुढे वीसपंचवीस वेळा वाकविली तर हातात तुटून येते. प्रत्येक वेळचा जोर तुटण्यास पुरेसा नव्हता. तथापि त्याची पुनरावृत्ती पुरेशी ठरली. शिणवट्याचे मूळ तत्त्व हेच होय. यंत्रात हा जोर तारेवरील जोराहून प्रमाणाने पुष्कळ कमी असतो, म्हणून आवर्तने लाखांनी लागतात, इतकाच फरक.

याची जाणीव जगाला रेल्वेने करून दिली. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि त्या अपघातात पन्नासांहून अधिक माणसे मरण पावली. हादऱ्यांमुळे लोखंड आतून खड्यांसारखे स्फटिकमय बनते व म्हणून तुटते, अशी त्या काळी समजूत होती. ती चुकीची होती. धातू मुळातच स्फटिकमय असतो. पुढे जर्मनीत आउगुस्ट व्होलर या अभियंत्याने १८५० ते १८७० या काळात रेल्वेच्या आसांवर दीर्घ प्रयोग केले आणि दाखवून दिले की, भार एकदाच किती येतो याइतकेच तो किती वेळा येतो व जातो हेही महत्त्वाचे असते.

उरल्यातील एखाद्या लोडरला हा हिशेब लावून पाहू. दर दोन मिनिटांस एक खेप धरली तर तासाला ३० खेपा होतात. आठ तासांच्या दोन पाळ्यांत ४८० आणि वर्षातील ३०० दिवसांत १,४४,००० खेपा होतात. सात वर्षांत ही संख्या दहा लाखांच्या वर जाते. प्रत्येक खेपेत बाहूवर एकदा भार चढतो आणि एकदा उतरतो. ज्या तारेचे उदाहरण वर दिले, तिच्यासारखीच ही स्थिती आहे.

भेग कोठे सुरू होते?

भेग कोठेही सुरू होत नाही. जेथे ताण एकवटतो तेथेच ती सुरू होते. ताणलेल्या रुंद पत्र्यात एक लहान गोल भोक असेल तर भोकाच्या कडेशी ताण तिप्पट होतो, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. भोक गोल नसून लांबट आणि ताणाच्या दिशेला आडवे असेल तर परिस्थिती अधिक बिघडते. इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने १९१३ साली दिलेल्या सूत्रानुसार, रुंदीच्या पाचपट लांब असलेल्या लंबवर्तुळाकार भोकाच्या टोकाशी ताण अकरापट होतो. भेग म्हणजे अतिशय लांब आणि अतिशय अरुंद असे भोकच होय. म्हणून ती एकदा पडली की आपली वाट आपणच कापीत जाते.

लोडरच्या अवजारांत अशा जागा ठरलेल्या आहेत. वेल्डिंगची शिवण जेथे संपते ते टोक, शिवणीच्या कडेला पडलेली खाच, गॅसने कापलेली ओबडधोबड कड, काटकोनी कोपरा, आणि जाड पत्रा जेथे एकदम पातळ पत्र्याला मिळतो ती रेषा, या जागा प्रथम पाहाव्यात.

मोडलेला पृष्ठभाग कसा वाचावा?

तुटलेला तुकडा भंगारात टाकण्यापूर्वी त्याचे तोंड नीट पाहावे. शिणवट्याने तुटलेल्या तोंडाचे सामान्यतः दोन भाग दिसतात. एक भाग गुळगुळीत, काळपट अथवा गंजलेला असतो आणि त्यावर ओहोटीच्या वेळी पाणी वाळूवर सोडून जाते तशा वक्र रेषा असतात. या रेषा ज्या बिंदूभोवती फिरतात तेथे भेगेचा जन्म झालेला असतो. दुसरा भाग खडबडीत आणि चकचकीत असतो. तो शेवटच्या क्षणी तुटलेला भाग होय.

गंजलेला भाग मोठा असेल, तर भेग पुष्कळ दिवसांपासून वाढत होती आणि कोणीही ती पाहिली नव्हती असा अर्थ होतो. गुळगुळीत भाग मुळीच नसेल आणि पत्रा वाकलेला असेल, तर एकदाच आलेल्या अतिभाराचा संशय घ्यावा. अशा रीतीने तुटलेला तुकडा स्वतःच साक्ष देतो. ती साक्ष न घेता केलेली दुरुस्ती म्हणजे रोग न ओळखता दिलेले औषध होय.

एकच बकेट, दोन प्रकारचा माल

स्पंज लोखंडाच्या कारखान्यात कोळसा आणि खनिज यांचे ढीग शेजारीशेजारी असतात, आणि दोन्हींसाठी एकच लोडर वापरण्याचा मोह होतो. येथे एक साधा हिशेब विसरला जातो. सुट्या कोळशाचे वजन घनमीटरास एका टनाहून काहीसे कमी, तर सुट्या लोहखनिजाचे सुमारे सव्वादोन ते अडीच टन भरते. तीन घनमीटरांची बकेट कोळशाने भरली तर सुमारे अडीच टन माल येतो. तीच खनिजाने काठोकाठ भरली तर पावणेसात टन किंवा अधिक येतो. बकेट तीच, चालक तोच, परंतु बाहूंवरचे ओझे अडीचपटीहूनही अधिक. पावसाळ्यात ओली खनिजभुकटी तळाला चिकटून राहते, तिचे वजन निराळेच.

वेल्ड केलेल्या सांध्यांवरील प्रयोगांतून असे दिसून आले आहे की, चढउतार होणाऱ्या ताणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात सांध्याचे आयुष्य बदलते. ताण सव्वापट केला तर १.२५ चा घन १.९५ येतो, म्हणजे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. ताण दुप्पट केला तर आयुष्य आठव्या हिश्श्यावर येते. म्हणूनच हलक्या मालासाठी मोठी आणि जड मालासाठी लहान बकेट तयार करतात. दुसरी बकेट उपलब्ध नसेल तर बकेटच्या आत रंगाची ठळक रेघ ओढून खनिज त्या रेघेपर्यंतच भरण्याचा नियम करावा. रेघ कोठे ओढावयाची हे यंत्राच्या पाटीवरील भारमर्यादेवरून ठरवावे. या उपायास जवळजवळ काहीही खर्च येत नाही.

पिन आणि बुश

ग्रीसचे काम केवळ घर्षण कमी करणे एवढेच नाही. ताजे ग्रीस आत दाबले की जुने ग्रीस खनिजाची धूळ घेऊन बाहेर पडते. ग्रीस दिले नाही तर धूळ आत राहते आणि उरलेल्या ग्रीसात मिसळून घासकामाच्या लुकणाप्रमाणे पिन झिजविते. भोक अंडाकृती होते, सांध्यात खेळ पडतो, आणि जो भार पूर्वी हळूहळू चढत असे तो आता ठोक्याच्या रूपाने येतो. म्हणून बिजागरीचा कान तुटला असता कानाइतकेच पिनेकडेही लक्ष द्यावे.

झिजलेले भोक भरून काढून ते पुन्हा कातून घ्यावे लागते. दोन्ही बाहूंची भोके एका रेषेत यावीत म्हणून एकाच लांब दांड्यावर हत्यार लावून ती कातली जातात. नवा बुश घणाने ठोकल्यास त्याचे तोंड पसरते. त्याऐवजी तो थंड करून बसवावा. पोलादाचा ८० मिलिमीटर व्यासाचा बुश १०० अंश सेल्सिअसने थंड केला तर तो ८० × ०.००००१२ × १०० = ०.०९६ मिलिमीटरने आकसतो. तो ३० अंशांवरून उणे ७० अंशांपर्यंत शुष्क बर्फाने नेता येतो. केसाच्या जाडीएवढे हे अंतर बुश भोकात सहज सरकण्यास पुरेसे होते, आणि नेहमीच्या तापमानाला आला की तो घट्ट बसतो.

दुरुस्तीपूर्वीची दक्षता

दुरुस्तीत झालेले अपघात मोडण्यात झालेल्या अपघातांहून कमी भयंकर नसतात. बकेट जमिनीवर टेकवावी. ती वर ठेवणे भागच असेल तर बाहूंखाली भक्कम लोखंडी आधार द्यावा. केवळ तेलाच्या दाबावर विसंबून कोणीही खाली जाऊ नये. इंजिन बंद करून दट्ट्यांतील दाब सोडून द्यावा. तेलाची गळती बोटाने शोधू नये, पुठ्ठ्याच्या तुकड्याने शोधावी; कारण नळीतील दाब वातावरणाच्या दाबाच्या दोनशे पटींपर्यंत आणि त्याहूनही अधिक असू शकतो, आणि सुईसारखी बारीक धार कातडीतून आत शिरते. अशी इजा बाहेरून क्षुल्लक दिसली तरी जखमी माणसाला विनाविलंब शस्त्रक्रियेच्या सोयी असलेल्या रुग्णालयात न्यावे.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात. अर्थिंगचा चिमटा भेगेच्या शक्य तितक्या जवळ आणि त्याच तुकड्यावर लावावा. दूर लावल्यास प्रवाह पिना व बेअरिंगांमधून वाहून त्यांचे पृष्ठभाग जाळतो. बंद पोकळ नळीला उष्णता देण्यापूर्वी तिला हवा जाण्यासाठी भोक आहे याची खात्री करावी.

भेगेची दुरुस्ती

प्रथम ग्रीस, रंग आणि गंज काढून टाकावा. नंतर भेगेची खरी टोके शोधावीत. डोळ्यांना दिसणारे टोक बहुधा खरे टोक नसते. यासाठी रंगद्रव्याची तयार रसायने मिळतात. ती नसतील तर रेल्वेच्या कर्मशाळांतील जुनी रीत आहे: भागावर रॉकेल लावून थोडा वेळ ठेवावे, पुसून कोरडे करावे आणि खडूची पूड लावावी. भेगेत शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर झिरपते आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेषा उमटते. रॉकेल पूर्णपणे पुसून वाळेपर्यंत जवळपास ठिणगी पडू देऊ नये.

भेगेच्या दोन्ही टोकांच्या किंचित पुढे गोल भोके पाडावीत. टोकदार भेग गोल भोकाला मिळाली की तेथील ताण कमी होतो आणि काम चालू असताना भेग पुढे पळत नाही. मात्र नुसते भोक हा तात्पुरता उपाय आहे, दुरुस्ती नव्हे.

यानंतर भेग मुळापर्यंत काढून टाकावी. सर्वांत अधिक चुका याच पायरीवर होतात. भेगेवर वरून वेल्डिंगचा थर चढविला तर ती दिसेनाशी होते, नाहीशी होत नाही. खाली राहिलेली भेग नव्या थरात टोक खुपसून उभी असते आणि पहिल्या दिवसापासून वर चढू लागते. म्हणून ग्राइंडरने अथवा कार्बन काडीच्या ज्योतीने इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करावी, खाचेची पुन्हा तपासणी करावी, आणि भेग उरली नाही याची खात्री झाल्यावरच पुढे जावे. पत्रा जाड असल्यास दोन्ही बाजूंनी खाच करणे चांगले.

आता उष्णतेचा विचार. लोहार तापलेले लोखंड पाण्यात बुडवून त्याला पाणी देतो, म्हणजे ते कठीण करतो. जाड थंड पत्र्यावर वेल्डिंग केले असता नकळत हेच घडते. सभोवारचा थंड धातू उष्णता भराभर शोषून घेतो आणि शिवणीलगतची पट्टी कठीण परंतु ठिसूळ बनते. तिच्यात हायड्रोजन शिरला तर नवी भेग पडते, आणि ती लगेच नव्हे तर कित्येक तासांनी, कधी दोन दिवसांनीही प्रकट होते. उपाय दोन आहेत. भाग आधी तापवावा. किती, हे पोलादाचे घटक आणि जाडी यांवर अवलंबून असते, आणि जाड भागांस पुष्कळदा १०० ते १५० अंश लागतात. दुसरे असे की कमी हायड्रोजनाच्या काड्या वापराव्यात व त्या भट्टीत सुमारे ३०० ते ३५० अंशांवर सुकवून गरम पेटीतच ठेवाव्यात. हायड्रोजन मुख्यतः दमट लेपातील पाण्यातून येतो. जून ते सप्टेंबर या काळात छत्तीसगडच्या हवेत उघडी पडलेली काडी दुरुस्तीचा घात करू शकते.

वेल्डिंग लहान लहान टप्प्यांनी, बाजू आलटूनपालटून करावे आणि प्रत्येक थरावरील मळी काढावी. नंतर भाग कोरड्या वाळूखाली अथवा उष्णतारोधक गादीखाली सावकाश निवू द्यावा. पाणी कदापि ओतू नये. शेवटी शिवणीच्या कडा घासून मूळ पत्र्याशी एकजीव कराव्यात. वरून ठिगळ लावावयाचे असेल तर त्याचे कोपरे गोल ठेवावेत आणि ते दोन्ही टोकांकडे निमुळते असावे. चौकोनी ठिगळाची आडवी शिवण नव्या भेगेला जन्म देते.

पोलादाची जात

सर्व पोलादांना एकच नियम लागू होत नाही. बकेटच्या ओठाला लावलेली कठीण पट्टी कारखान्यात पाणी देऊन तयार केलेली असते. ती सुमारे २५० अंशांपलीकडे तापली तर तिचे पाणी उतरू लागते आणि ती मऊ पडते. गरम मळी वारंवार उचलणाऱ्या बकेटचा ओठ लवकर झिजतो, त्याचे एक कारण हेच.

रॉबर्ट हॅडफील्ड याने १८८२ साली शोधलेले मँगॅनीज पोलाद याहूनही निराळे आहे. त्यात सुमारे १२ ते १४ टक्के मँगॅनीज असते. ते आघातांनी अधिकाधिक कठीण होत जाते, म्हणून खडीयंत्रांच्या जबड्यांत त्याचा फार उपयोग होतो. त्याला आधी तापविल्यास ते ठिसूळ बनते. म्हणून त्यावरील काम थोडे थोडे करीत, भाग थंड ठेवीत करावे लागते. ओळखण्याची खूण सोपी आहे: या पोलादाला लोहचुंबक चिकटत नाही. वेल्डरच्या खिशातील चुंबकाचा लहानसा तुकडा अशा वेळी फार मोठी चूक टाळू शकतो.

दुरुस्त करू नयेत अशा वस्तू

काही भाग दुरुस्त करण्यापेक्षा बदलणेच योग्य असते. माल उचलणाऱ्या काट्याची टाच मूळ जाडीच्या १० टक्क्यांनी झिजली की काटा बाद समजतात. वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, ०.९ चा वर्ग ०.८१, म्हणजे दशांश जाडी गेली की सुमारे पंचमांश ताकद जाते. भेग गेलेला काटा किंवा पिन वेल्डिंगने जोडून कामाला लावू नये. त्यांच्याखाली माणसे वावरतात.

उपसंहार

अवजार एका क्षणात तुटते, पण मोडण्याची क्रिया त्याआधी कित्येक महिने चाललेली असते. या काळात भेग केसाएवढी असते, शिवणीच्या टोकाशी गंजाची बारीक रेषा दिसते, पिनेजवळ खडखड ऐकू येते. ही चिन्हे प्रथम अभियंत्याला नव्हे, तर चालकाला आणि त्याच्या मदतनिसाला दिसतात. पाळी सुरू होताना बकेट धुऊन दहा मिनिटे ती न्याहाळण्याची सवलत त्यांना मिळाली, आणि त्यांनी सांगितलेली खडखड कोणी वहीत टिपून ठेवली, तर बहुतेक अवजारे मोडण्यापूर्वीच दुरुस्त होतील. भेग झाकणे हे काम एका तासाचे. भेगेचे कारण शोधणे हे काम एका दिवसाचे. तो एक दिवस दिल्यानेच पुढील दुरुस्ती दूर जाते आणि लोडरजवळ उभा असलेला माणूस सुरक्षित राहतो.

स्वाध्याय

१. अतिभाराने तुटलेला आणि शिणवट्याने तुटलेला पृष्ठभाग यांतील फरक सांगा.

२. सांध्यावरील ताण दीडपट केला तर त्याचे आयुष्य मूळच्या किती अंशावर येईल?

३. पोलादाचा १०० मिलिमीटर व्यासाचा बुश ८० अंश सेल्सिअसने थंड केल्यास तो किती आकसेल?

४. भेगेवर वरून वेल्डिंग केल्याने दुरुस्ती का टिकत नाही?

५. आपल्या गावातील वेल्डिंगच्या दुकानात काड्या कशा ठेवतात ते पाहून त्याविषयी पाच ओळी लिहा.